ब्यास कुंडाच्या वाटा घड्याळ बघून चढा

ब्यास कुंडाला, म्हणजे ब्यास नदीच्या उगमाकडच्या तळ्याला निघालेली माणसं मला आधी विचारतात, किती किलोमीटर? मग विचारतात, किती उंची? सह्याद्रीत या दोन आकड्यांवर काम भागतं. मनालीच्या वरच्या त्या खोऱ्यात भागत नाही. तिथे मी उलट विचारते, "दुपारी बारा वाजता तुम्ही कुठे असणार?" पहाटे जो नाला दगडांवरून उड्या मारत ओलांडला, तोच दुपारी तीनला मांडीपर्यंत येतो. पहाटे बुटाला बांधलेल्या दातेरी क्रॅम्पॉनखाली करकर वाजणारा बर्फ उन्हं चढली की गुडघ्यापर्यंत पाय गिळतो. ढगही बहुतेक वेळा दुपारीच भरून येतात. अंतर तेवढंच, उंची तीच, पण वाट दुसरीच झालेली असते. म्हणून खाली ज्या वाटा सांगतेय, त्या वेळेच्या हिशोबाने सांगतेय.

आधी खोरं डोळ्यांसमोर आणा. मनाली 2,050 मीटरवर. तिथून सोलंग तेरा-चौदा किलोमीटर, आणि सोलंगहून रस्ता आणखी वर धुंडीला जातो. अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड इथून जवळच, सुमारे 3,060 मीटरवर आहे. 9.02 किलोमीटरचा हा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला. या रस्त्यामुळे गाडी धुंडीपर्यंत सुखाने जाते. पूर्वी लोक सोलंगपासून पायी निघायचे आणि त्या चालीत शरीराला उंचीची थोडी सवय व्हायची. तो अर्धा दिवस आता गाडीने खाल्लाय.

धुंडीच्या पुढे बकरथाच, सुमारे 3,300 मीटर. त्याच्या पुढे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांमागे कुंड, सुमारे 3,700. कुंडाभोवती शिखरांचा अर्धगोल आहे. उत्तरेच्या अंगाला फ्रेंडशिप (5,289) आणि शितीधर (5,250 च्या आसपास), त्यापलीकडे वायव्येला लडाखी (5,345) आणि मनाली पीक (5,669), आणि पश्चिमेला या सगळ्यांवर मान काढून उभा हनुमान टिब्बा (5,930 च्या आसपास). नकाशा, पाटी आणि गाइड यांचे आकडे वीस-पन्नास मीटरने कधीच जुळत नाहीत. त्यावरून तंबूत वाद घालण्यात रात्र घालवू नका.

एक शंका हमखास येते, म्हणून आत्ताच सांगून टाकते. ब्यासचा उगम रोहतांगलाही दाखवतात आणि इथेही. दोन्ही प्रवाह खरेच आहेत. रोहतांगकडून येणारा आणि सोलंगकडून येणारा, दोघे पलचानला एकत्र येतात. कुठला थोरला, ते भाविकांवर सोडा.

कधी जायचं

हे खोरं पीर पंजालच्या दक्षिणेला आहे. म्हणजे पाऊस अडतो तो याच बाजूला. बोगद्यापलीकडच्या लाहौलमध्ये जुलैत कोरडं ऊन असतं, तेव्हा धुंडीला छत्री लागते. जुलै-ऑगस्ट मी सरळ फुली मारते. रानफुलं तेव्हाच असतात हे कबूल, पण 2023 च्या जुलैत ब्यासने मनाली ते मंडी जे करून दाखवलं आणि 2024 च्या जुलैत अंजनी महादेवच्या नाल्याने पलचानजवळ जो रस्ता गाडला, त्यानंतर फुलांसाठी एवढी जोखीम मला पटत नाही.

राहिले दोन हंगाम. मे मधला ते जूनअखेर बर्फाचा हंगाम. कुंड बरेचदा बर्फाखालीच असतं, वरच्या हिमनदीतल्या भेगा झाकलेल्या असतात, फ्रेंडशिपची चढाई सलग बर्फावरून होते. ज्यांना शिखर करायचंय त्यांनी तेव्हा जावं. सप्टेंबर मधला ते ऑक्टोबर मधला दुसरा हंगाम. हवा स्वच्छ, नाले उतरलेले, कुंडाचं पाणी दिसतं. पण वर बर्फ सरून घसारा उघडा पडलेला असतो आणि हिमनदीच्या भेगा तोंड वासून असतात. फक्त कुंड बघायचं असेल तर मी डोळे झाकून सप्टेंबरचा शेवट सुचवेन.

उंचीची सवय

कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे आपल्या राज्याच्या सर्वांत उंच टोकापेक्षा मनालीचा बाजार चारशे मीटर वर आहे. आपली माणसं चालायला दणकट असतात आणि नेमकं तेच घात करतं: पाय थकत नाहीत म्हणून डोकं दुखायला लागेपर्यंत थांबत नाहीत.

नियम सोपा आहे. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम करावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलात तर उत्तमच. आता बाजारात मिळणारे कार्यक्रम बघा. रात्रभर बसने मनाली, दुसऱ्या दिवशी दुपारी बकरथाच. समुद्रसपाटीवरून दोन दिवसांत 3,300 ला झोपायचं. काहींना जमतं. ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी सगळा ग्रुप खाली उतरतो.

माझी आखणी अशी असते. मनालीत दोन रात्री. मधल्या दिवशी सोलंगच्या वरच्या अंगाला पातालसूच्या वाटेवर जमेल तेवढं चढायचं. पातालसू साधारण 4,220 मीटर, दोरी-बिरी काही लागत नाही, पण सोलंगपासून उभा चढ आहे. एका दिवसात टोक गाठायचा हट्ट नको. जंगल संपून कुरण लागलं, समोर हनुमान टिब्बा दिसला, डबा खाल्ला, की उतरायला लागा. जंगलात वाटांना फाटे खूप आहेत. गुराख्यांच्या वाटा आडव्या जातात, आपली वर जाते, एवढं लक्षात ठेवलं तरी चुकणं निम्मं होतं.

वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं यातलं काहीही झालं तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. "दुपारी ऊन लागलं असेल" ही पळवाट आहे. त्या रात्री वर जायचं नाही. सकाळी बरं वाटलं तर पुढे, नाही तर खाली. चालताना झोक जायला लागला, बोलणं विस्कटलं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी, अंधारात असलात तरी, त्या माणसाला सोबत घेऊन खाली उतरवा. बकरथाचहून धुंडीचा रस्ता काही तासांवर आहे, हा या खोऱ्याचा सर्वांत मोठा गुण. उंचीच्या त्रासासाठीच्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, शेजाऱ्याच्या डब्यातून नाही. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

धुंडी ते कुंड

धुंडीहून सकाळी आठ-नऊला निघालात तरी चालतं. बकरथाचपर्यंत साधारण तीन तास. वाट नदीच्या काठाने वर जाते, मध्ये भोजपत्राची झाडं लागतात, पांढऱ्या सालीचे पापुद्रे सुटलेली. साल सोलून आणू नका. झाडं फार सावकाश वाढतात. या टप्प्यात एक-दोन नाले आहेत. काहींवर लाकडी ओंडक्यांचे पूल असतात आणि पूल दर वर्षी जागा बदलतात. जूनमध्ये नाल्यांवर बर्फाचे पूल असतात. ते सकाळी वापरा, आणि मधोमध न जाता वरच्या बाजूला, जिथे बर्फ जाड आणि मळकट आहे तिथून, एकेकाने जा. पुलाच्या कडेला खालून वितळून पातळ झालेली निळसर धार दिसली तर तो पूल विसरा आणि वर जाऊन दुसरी जागा शोधा.

पाण्यातून जायची वेळ आली तर बूट काढून सँडल घाला, अनवाणी नको. सॅकचा कमरपट्टा सोडा, छातीचा पट्टाही. पडलात तर सॅक सुटली पाहिजे, नाही तर तीच पाण्याखाली दाबून धरते. तोंड प्रवाहाच्या वर, काठी पुढे टेकवलेली, आणि एका वेळी काठी किंवा पाय यांपैकी एकच गोष्ट हलवायची. तिघे असाल तर एकमेकांचे खांदे धरून गोल करा, वजनदार माणूस प्रवाहाच्या बाजूला. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेगात असेल तर तंबू टाकून पहाटेपर्यंत थांबा. रात्री वर सगळं गोठतं आणि पाणी आपोआप उतरतं.

बकरथाच हे मोठं, लाटालाटांचं कुरण आहे. नाव बकऱ्यांवरूनच. उन्हाळ्यात गद्दी धनगर शेकडो शेळ्या-मेंढ्या घेऊन इथे येतात. त्यांचे कुत्रे अंगावर लोकर आणि गळ्यात काट्यांचा लोखंडी पट्टा, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. रात्री तंबूबाहेर पडताना बॅटरी लावा आणि कळपाच्या जवळून जाऊ नका. दिवसा काळजी वेगळी: वरच्या उतारावर कळप चरत असेल तर त्याच्या खाली बसून चहा पिऊ नका. शेळ्यांच्या खुरांनी सुटलेला दगड आवाज न करता येतो, गवतावर एकदा आपटला की उड्या घ्यायला लागतो. तंबूची जागा निवडताना आधी गवतात पडलेले ताजे दगड बघा. फुटलेली बाजू स्वच्छ आणि खालचं गवत अजून हिरवं असेल तर तो दगड याच आठवड्यातला. तिथून तंबू हलवा.

कुंडाला दुसऱ्या दिवशी जायचं आणि परत बकरथाचलाच झोपायचं. जाऊन-येऊन पाच-सहा तास. सहाला निघा. सुरुवातीला कुरण, मग बोल्डर, मग मोरेन. सप्टेंबरअखेरीस पहाटे या बोल्डरवर काचेसारखा पातळ बर्फ बसलेला असतो. दिसत नाही, दगड नुसता ओला वाटतो. बुटाचं टोक हलकेच फिरवून बघा. सरकलं तर त्या दगडावर पाय टाकायचा नाही, दोन दगडांच्या खाचेत टाकायचा. पहिला तासभर असं चाचपत जावं लागतं. त्यात वेळ जातो, तो धरूनच सहाची वेळ सांगितली.

मोरेन म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला राडारोडा. आपल्या घसाऱ्याशी त्याचं नातं आहे, पण घसाऱ्याखाली कातळ असतो आणि इथे कित्येकदा बर्फ. त्यामुळे पोत्याएवढा धोंडाही पाय ठेवताच हलतो. दगडांची छोटी रचलेली खूण शोधत, सोंडेच्या माथ्यावरून चाला. आतल्या, कुंडाकडच्या उभ्या उतारावर काठाकाठाने फोटोसाठी जाऊ नका. शेवटच्या उंचवट्यावर आलात की कुंड एकदम खाली दिसतं.

आणि मग बरेच जण विचारतात, "एवढंच?" हो, एवढंच. कुंड लहान आहे, उथळ आहे. ज्यांनी फोटोत निळंशार विस्तीर्ण पाणी बघितलंय त्यांनी चंद्रतालला जावं. इथे बघायचं ते वर. कुंडाकडे पाठ करून तासभर बसा आणि उन्हात हनुमान टिब्ब्याच्या पूर्व बाजूने काय काय सुटून येतं ते ऐका. साडेदहानंतर दगड आणि बर्फ पडायला लागल्याचे आवाज येतात. घड्याळाचा धडा घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. व्यास ऋषी इथे स्नान करायचे अशी श्रद्धा आहे. बूट काढून काठावर जायची रीत पाळा, साबण आणि तोंड धुणं खाली नाल्यावर ठेवा. मे-जूनमध्ये काठ कुठे संपतो ते बर्फामुळे कळत नाही, म्हणून सपाट पांढऱ्या भागावर मुळीच चालायचं नाही.

बाराच्या आत बकरथाचकडे वळा.

फ्रेंडशिप

कुंड हा ट्रेक आहे. फ्रेंडशिप ही चढाई आहे, जाहिरातीत "नवशिक्यांसाठी" लिहिलेलं असलं तरी. 5,289 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. उतार बहुतेक ठिकाणी तीस ते पंचेचाळीस अंशांचा, वाटेत भेगा, आणि समिटचा दिवस बारा-चौदा तासांचा. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा (स्थापना 1961, आता अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची), उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या संस्थेचा महिन्याभराच्या आतला बेसिक कोर्स करून मग या शिखराकडे वळलात तर पैसे आणि जीव दोन्ही सत्कारणी लागतात. मनालीच्या संस्थेच्या तुकड्या याच खोऱ्यात शिकतात. कोर्स नसेल तर निदान दोन पूर्ण दिवस बर्फावर सराव करून घेणारा गाइड शोधा. "वर जाता जाता शिकवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

बकरथाचहून वाट लेडी लेग नावाच्या कॅम्पकडे चढते, सुमारे 3,850 मीटर. गवताची उभी सोंड आहे, पाण्याची सोय कमी. जूनमध्ये बर्फ वितळवायचा, सप्टेंबरमध्ये खालून भरून न्यायचं. त्यावर साधारण 4,200 ला आणखी एक कॅम्प लावतात. काही ग्रुप तो गाळून लेडी लेगवरूनच रात्री निघतात. मला ते आवडत नाही. साडेतीनशे मीटर वाचले की पहाटेचे दोन तास वाचतात, आणि इथे ते दोन तासच कामाचे आहेत. 4,200 वर पाणी साधारण 86 अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजणार नाही. झटपट शिजणारं काही न्या आणि गॅस दीडपट न्या.

आदल्या दुपारी सराव. पहिला सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना स्वतःला थांबवणं. खाली सपाट आणि दगड नसलेला उतार बघा, क्रॅम्पॉन काढून ठेवा. आईस अॅक्सच्या (बर्फातल्या कुदळीच्या) डोक्यावर एक हात, रुंद पातं खांद्याशी, दुसरा हात दांड्याच्या टोकाशी, दांडा छातीवर तिरका. घसरलात की अॅक्सवर पालथं पडायचं, डोक्याच्या दुसऱ्या बाजूचं अणकुचीदार टोक बर्फात रुतवायचं, पाठ किंचित वर उचलून सगळा भार छाती-खांद्यावर आणायचा. क्रॅम्पॉन पायात असतील तेव्हा पाय गुडघ्यातून वर, कारण दाते बर्फात अडकले तर उलटी कोलांटी बसते. हे पोटावर, पाठीवर आणि डोकं खाली अशा तिन्ही तऱ्हांनी करायचं, आणि डाव्या हातानेही. दहा-बारा वेळा करून अंग भिजलं की आपोआप जमायला लागतं.

दुसरा सराव क्रॅम्पॉन घालण्याचा, तोही हातमोजे घालून, अंधारात. हसू नका. रात्री एक वाजता उणे तापमानात बोटं बाहेर काढून पट्टा ओवत बसलेला एक माणूस सगळ्या ग्रुपची पंधरा मिनिटं घेतो. भाड्याने घेतलेले क्रॅम्पॉन मनालीतच बुटावर बसवून, उचलून, झटकून बघा. बूट हलवल्यावर क्रॅम्पॉन वेगळा हलला तर बदला. पट्टा बाहेरच्या बाजूला येईल असं बांधा, लोंबतं टोक आत खोचा. आतल्या बाजूला राहिलेलं टोक दुसऱ्या पायाच्या दात्यात अडकतं.

रात्री साडेबारा-एकला निघायचं. हवामान स्वच्छ असेल तर बर्फ घट्ट झालेला असतो. तंबूबाहेर येऊन टाच मारून बघा. टाच खट्कन थांबली तर ठीक. भस्सकन आत गेली तर रात्री ढग होते, बर्फ गोठलाच नाही, आणि अशा दिवशी वर जायचं नाही. हा निर्णय कॅम्पवर घेणं सोपं, पाच हजारावर अवघड.

भेगांचा भाग सुरू व्हायच्या आधी रोप बांधा. तिघांच्या रोपवर दोघांमध्ये दहा-बारा मीटर अंतर, दोर ना ताणलेला ना ढिला, जेमतेम बर्फाला टेकणारा. हातात वेटोळी धरून चालायची सवय मोडा. पुढचा पडला की ती वेटोळी सुटेपर्यंत तो खूप खाली गेलेला असतो. आडव्या वाटेवर अॅक्स नेहमी डोंगराकडच्या हातात. वळणावर हात बदलताना थांबा.

उजाडता उजाडता तुम्ही शिखराच्या खांद्याच्या खालच्या उतारावर असायला हवं. शेवटचा टप्पा उभा आहे आणि तिथे गर्दीच्या दिवसांत फिक्स्ड रोपवर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर रांग लागते. रांगेत उभं राहणं म्हणजे गारठणं, म्हणून पिसांचं जॅकेट सॅकच्या सर्वांत वर ठेवा. माथ्यावरून देव टिब्बा (6,001), इंद्रासन (6,221), पलीकडे लाहौलची रांग, आणि खाली बकरथाचचा हिरवा ठिपका.

परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. माझी वेळ सकाळी दहा. दहाला माथा पन्नास मीटरवर असला तरी वळायचं. एकदा आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी "अहो, पंधरा मिनिटं फक्त" असं जाम लावून धरलं होतं. मी म्हटलं, "काका, पंधरा वर, आणि उतरताना त्या पंधराचा तास होतो." ते फुरंगटून उतरले. अकराच्या सुमारास आमच्या सकाळच्या पायखुणांवरून मऊ बर्फाची एक जीभ सावकाश सरकत गेली. त्यावर दोघंही काही बोललो नाही.

उतरताना क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे जमतात. पाय अचानक उंच झाल्यासारखा वाटला की अॅक्सच्या दांड्याने बुटाच्या बाजूला ठोका, गोळा पडतो. दुपारच्या बर्फात दर दोन पावलांनी हेच करावं लागतं. कंटाळा करू नका, घसरण इथेच होते.

बाकीची शिखरं

शितीधर आणि लडाखी उंचीला फ्रेंडशिपच्या तोडीचे असले तरी तिकडे गर्दी नाही, मळलेली वाट नाही, आणि बहुधा तुमच्या आधी कुणी दोर लावलेला नसतो. संस्थांच्या अॅडव्हान्स कोर्सच्या तुकड्यांनी करायची ही शिखरं. रोप लावणं, भेगेतून माणूस काढणं स्वतःला येत असेल तरच विचार करा. मनाली पीक त्याहून एक पायरी वर.

हनुमान टिब्बा ही पूर्ण मोहीम आहे, मनाली ते मनाली दोन आठवडे धरा. कुंडापासून वाट तेंतू जोतकडे जाते. जवळजवळ 5,000 मीटरची ही खिंड, तिच्या खालची नाळ दगड पडण्यासाठी कुप्रसिद्ध. ती पहाटेच्या अंधारात चढून जायची आणि पलीकडे कॅम्प टाकायचा. माथ्याचा उतार तिथून, मागच्या बाजूने. 1912 साली चार्ल्स ब्रूस या खोऱ्यात आला होता, तोच पुढे 1922 आणि 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमांचा नेता झाला. त्याच्या सोबतचा स्विस गाइड हाइनरिश फ्यूरर तेव्हा या शिखरावर पोचला, आणि त्यांनी त्याला 'सोलंग वाइसहॉर्न' म्हणायला सुरुवात केली होती. आजही ज्यांच्याकडे दोन-तीन पाच हजारी शिखरांचा अनुभव आहे त्यांनीच हनुमानाकडे बघावं. कुंडाच्या काठावरून बघायला मात्र सगळ्यांना मोकळीक.

सामान आणि कागद

उंचीच्या दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनालीत रात्री बारा अंश असतील तर लेडी लेगला शून्याच्या आसपास, वारा वेगळा. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. अतिनील किरणं दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली आणि कानांच्या मागे लावा. गॉगल बाजूंनी बंद असलेला, चौथ्या श्रेणीचा. रस्त्यावरचा काळा चष्मा चालणार नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखतं आणि दोन दिवस उघडत नाहीत. जोडी एक जास्तीची ठेवा, कुणी ना कुणी गॉगलवर बसतंच.

मोबाइलचं नेटवर्क धुंडीच्या पुढे गृहीत धरू नका. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. परदेशातून भावाने पाठवलेलं यंत्र घेऊन येणारे हौशी असतात, त्यांना विमानतळावरच अडवतात. त्यापेक्षा मनालीत एका माणसाकडे लेखी वेळापत्रक द्या: कुठल्या दिवशी कुठे, आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधाशोध सुरू करायची. आणीबाणीचा क्रमांक 112.

परवानग्यांचे नियम हंगामागणिक बदलतात. वन खातं, पोलिस ठाणं आणि गिर्यारोहण संस्था या तिन्ही ठिकाणी निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारा, ओळखपत्राच्या दोन-दोन प्रती आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. मोठ्या शिखरासाठी दिल्लीच्या भारतीय गिर्यारोहण संघटनेशी महिनाभर आधी बोला. हिमस्खलनाचा अंदाज चंदीगडची डीआरडीओची संस्था देते. ताजा बर्फ पडला असेल तर पुढचे दोन दिवस, अंदाज काहीही असो, उभ्या उतारांखाली जायचं नाही.

परतीची गाडी धुंडीला दुपारी दोनची सांगा आणि ड्रायव्हरदादांना आधीच बजावा की एक दिवस मागे-पुढे होऊ शकतो, थांबण्याचे पैसे मिळतील. परतीचं रेल्वेचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. भाड्याचे बूट आणि दोर मनालीत परत करण्याआधी हॉटेलच्या गच्चीवर सावलीत वाळवा. ओला दोर तसाच गुंडाळून दिला तर दुकानदार डिपॉझिट कापतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.